सुरकुतलेला दगड

२ फेब्रुवारी

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच. कंबर फक्त तुझीच धरते असं नाही.)

तुझ्या हुकुमाप्रमाणे फोन न करता पत्र लिहायला बसले आहे. फोनवर आपण दोघं दहा मिनिटांच्या आत एकमेकांच्या झिंज्या उपटायला लागतो, हे मला मान्य आहे. मागच्या रविवारी तू बोलत असतानाच मी फोन ठेवला, तेही मान्य. त्यावर तू निरोप धाडलास, की यापुढे बाबांबद्दल जे काही म्हणायचं असेल ते लिहून पाठव, लिहिताना माणूस निदान वाक्य तरी पुरं करतो. घे. ही पुरी वाक्यं.

मी बरी आहे. खोलीतला हीटर खोकत खोकत का होईना, ऊब देतो. जेवण वेळेवर घेते. हे खोटं आहे, पण तुला बरं वाटावं म्हणून लिहिते.

आधी कामाची बातमी, कारण ती चांगली आहे. मंगळावरची आमची गाडी तुला आठवते? तिचा फोटो पाहून बाबांनी विचारलं होतं, "हिला ब्रेक कोण लावतं?" तीच. ती सध्या एका आटलेल्या तळ्याच्या तळाशी हिंडते आहे. हे तळं कधी काळी खरंच पाण्याने भरलेलं होतं, यावर आता कुणाचं भांडण नाही. भांडण आहे ते त्या पाण्यात काही जगत होतं का, यावर. तर तिने तिथल्या चिखलाच्या एका दगडाचा फोटो पाठवला, आणि तो सगळ्यात आधी मी पाहिला. एका हातात पाव होता. दगडाच्या अंगावर बारीक बारीक सुरकुत्या होत्या. दुधावरची साय फुंकर मारल्यावर जशी गोळा होते ना, अगदी तशा.

आपल्या पृथ्वीवरच्या फार जुन्या दगडांवर अशा सुरकुत्या सापडतात. ओल्या चिखलावर डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा एक पातळ थर पसरतो, पाणी हललं की तो थर गोळा होतो आणि चिखल वाळून दगड झाला की सुरकुत्या तशाच राहतात. जीव कधीच मरून गेलेले असतात. त्यामुळे तो फोटो पाहून मी ओरडले. सगळे धावत आले. आमच्या प्रमुख बाई सावकाश आल्या, चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "छान. आता तू विरोधात."

ही आमच्याकडची रीत आहे. एखादी खूण ज्याला पहिल्यांदा दिसते, त्यालाच ती खोटी ठरवायला बसवतात. बाकीचे बाजूने बोलणार, आणि ज्याचा त्या खुणेवर सगळ्यात जास्त जीव जडलाय त्याने म्हणायचं, "नाही, हे नुसतं वाऱ्याने झालं, हे नुसत्या पाण्याने झालं." बाई म्हणतात, ज्याला ती खरी असायला हवी असते, त्यालाच तिच्यातलं भोक कुठे असू शकतं ते नेमकं ठाऊक असतं. म्हणून मी गेले काही दिवस ट्रेमध्ये चिखल कालवते आहे. तो तिरका करते, हलवते, त्यावर पंखा सोडते. एवढं शिकून शेवटी चिखलात खेळायचं होतं, तर आईने लहानपणी उगाच मारलं.

आता बाबा.

तू म्हणतोस, दाढी करताना तू वस्तरा गालाशी नेलास की ते आपणहून गाल फुगवतात, म्हणजे ते तुला ओळखतात. दादा, बाबा आयुष्यभर रोज दाढी करत आले. गाल फुगवणं त्यांच्या अंगात मुरलंय. चाकांची खुर्ची उतारावर आली की त्यांचा उजवा पाय पांघरुणाखाली ब्रेक दाबतो, हेही तूच सांगितलंस. आयुष्यभर बस चालवलेल्या माणसाचा पाय तो. पाय ब्रेक दाबतो म्हणून त्यांना रस्ता कळतो असं होत नाही. झटका आल्यापासून ते एक शब्द बोललेले नाहीत. डॉक्टर म्हणाले, घरी काय आणि शुश्रूषागृहात काय, त्यांना फरक कळणार नाही. फरक तुला कळेल. तुझी पाठ वाकली आहे, चष्म्याचं दुकान तू अर्धा दिवसच उघडतोस आणि शेजारच्या औषधवालीला आणखी किती दिवस नुसत्या चहावर ठेवणार आहेस? शुश्रूषागृहातली खाट मार्चअखेरपर्यंत आपल्यासाठी धरून ठेवली आहे. हो म्हण.

ते तुला ओळखत असते, तर मी हा शब्दही काढला नसता. पण त्यासाठी गाल फुगवण्यापेक्षा जास्त काहीतरी हवं.

पुढच्या आठवड्यात येते आहे. तेव्हा समोरासमोर भांडू. बाबांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
भुंगा


१९ फेब्रुवारी

ती. दादास,

नमस्कार. सुखरूप पोचले. गाडीत एका बाईंनी सबंध प्रवासभर मला त्यांच्या सुनेची गाऱ्हाणी सांगितली. उतरेपर्यंत मी सुनेच्या बाजूची झाले होते.

आपण भांडलो नाही याचं तुला आश्चर्य वाटलं असेल. मलाही वाटलं. मी निघताना तू विचारलंस, "गप्प का?" तर काही नाही, दमले होते. बाबांचं म्हणशील तर तू दुकानात गेलास त्या दुपारी ते झोपलेलेच होते, तुला सांगितलं तसं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखं इथेच घडलंय. ऐक, आणि हसायचं नाही.

तुमच्याकडे यायला निघाले त्या सकाळी मी शेवटचा ट्रे भरला. नियम असा, की चिखल भाजलेला हवा आणि पाणी उकळलेलं हवं, म्हणजे त्यात कुठलाही जीव नको. जीव नसताना सुरकुत्या पडतात का, हेच तर पाहायचं होतं. ट्रे भरला, खिडकीजवळ दिव्याखाली ठेवला, झाकला, पळत सुटले. परत येऊन झाकण काढते तो काय! सुरकुत्या! हुबेहूब तशाच, दगडावरच्यांच्या जुळ्या बहिणी शोभतील अशा. दादा, मी सबंध मजला डोक्यावर घेतला. "झालं! जीव नसताना झालं! संपला तुमचा मंगळ!" बाजूने बोलणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. एक जण तर खुर्चीवर बसूनच राहिला. बाई आल्या आणि ट्रेवर वाकल्या.

मग मी फोटो काढायला खाली वाकले आणि वास आला. डबक्याचा.

खिडकीत दोन कॅन असतात. एकात उकळलेलं पाणी आणि दुसऱ्यात कुंड्यांना घालायचं, ज्याला आतून हिरवं शेवाळ चढलंय आणि जे कुणी कधी घासत नाही. निघण्याच्या घाईत, डोकं तुमच्याकडे असताना, मी कुठला उचलला असेल ते सांगायला नको. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर नुसती जत्रा भरली होती. जीव नसतानाही हे होतं, असं सिद्ध करायला मी निघाले आणि त्या सुरकुत्या जिवांनीच पाडून ठेवल्या होत्या. खुर्चीत बसलेला माणूस उठून नाचला. कुणीतरी त्या ट्रेवर चिठ्ठी लावलीय, "विरोधी पक्षाचं तळं". बाई एवढंच म्हणाल्या, "असा विरोधक मिळाला तर बाजूच्यांनी घरी जायला हरकत नाही." मग मात्र गंभीर होऊन म्हणाल्या, "फेकू नकोस. आपल्याकडे आता दोन्ही आहेत. जिवाचा एक, बिनजिवाचे बाकी सगळे. दोन शेजारी ठेवल्याशिवाय फरक दिसत नाही."

लाजेने माझे कान अजून गरम आहेत.

तुझं पत्र माझ्या आधी येऊन पडलं होतं. तू लिहिलंयस, "तुला मंगळावरच्या मेलेल्या किड्यांसाठी महिनोन्महिने सवड आहे, जिवंत बापासाठी एक 'असेल' म्हणवत नाही." लागलं. पण खोटं आहे असं म्हणता येत नाही.

म्हणून एक सुचवते. आपण बाजू बदलू. आमच्या बाईंची रीत आपल्या घरी चालवून पाहू. बाबा ओळखतात असं तुला सगळ्यात जास्त वाटतं ना? मग आजपासून तू विरोधात. ते ओळखत नाहीत, हे तू मला पटवून द्यायचंस, अगदी मनापासून, लुटुपुटुचं नाही. आणि मी बाजूने बोलेन. मार्चअखेरपर्यंत जे उरेल त्यावर खाटेचं ठरवू आणि मग त्यावर पुन्हा शब्द नाही. तू मला लहानपणी बुद्धिबळात उलट्या बाजूने बसवायचास, आठवतं? मी हरायला लागले की पट फिरवायचास.

औषधवालीला सांग, पाठीला लावायचं मलम चांगलं आहे, पण ते लावणारं माणूस जास्त चांगलं असेल.

तुझी,
भुंगा


८ मार्च

दादा,

नमस्कार.

हे छोटं पत्र. तुझं आलं आणि मी ते दोनदा वाचून कपाटात ठेवलं, मग पुन्हा काढलं.

तू एवढा चांगला विरोधक निघशील असं वाटलं नव्हतं. "दुकानात रोज एक तरी गिऱ्हाईक डोळे तपासायचा तक्ता पाठ करून येतं," असं तू लिहिलंस. "शेवटची ओळ दिसत नसते, पण ओठ बरोबर हलतात. मी त्याला म्हणतो, वा, छान दिसतंय तुम्हाला. बाबांनीही तक्ता पाठ केला आहे आणि मीच त्यांना रोज वा म्हणतो. माझा हात लागला की गाल फुगतो. कुणाचाही लागला तरी फुगेल. मी नसलो तरी त्यांचं काही अडणार नाही. खाट घेऊ या."

मी गेले वर्षभर हेच म्हणत होते ना? मग मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, दादा. "मी नसलो तरी" हे तुझ्या अक्षरात वाचून मला रडू आलं. तू हे खेळ म्हणून लिहिलंस की तुला आता तसंच वाटायला लागलंय, ते मला कळेना.

म्हणून ऐक. नुसतं बोलून भागत नाही, करून पाहावं लागतं. "कुणाचाही लागला तरी फुगेल" असं म्हणतोस ना, मग कुणाचा तरी लावून बघ. कोपऱ्यावरच्या न्हाव्याला घरी बोलाव आणि त्याला बाबांची दाढी करू दे. दुसऱ्या दिवशी तू कर, पण त्याचा साबण, त्याचा झगा, मागच्या बाजूने, एक अक्षर न बोलता. औषधवालीला समोर बसवून बघायला सांग आणि तिला आधी काही सांगू नकोस, नाहीतर ती तुझ्याकडे बघून हवं तेच बघेल. रागावू नको. ती तुझ्याकडे कशी बघते ते मी पाहिलंय.

बाजूने बोलायचं काम माझं. माझ्याकडे काय आहे, असं तू शेवटी विचारलंस. एक गोष्ट आहे. अजून लिहिण्यासारखी झालेली नाही.

तुझी,
भुंगा


२१ मार्च

प्रिय दादा,

आज नमस्कार नाही, मिठी. कागदावर कशी मारतात मला ठाऊक नाही, तू समजून घे.

तुझं पत्र सकाळी मिळालं. न्हाव्याने वस्तरा लावला तेव्हा बाबांनी तोंड लाकडासारखं केलं, ओठ आत ओढून घेतले आणि त्याला दोन्ही गाल बोटांनी ताणून दाढी करावी लागली. दुसऱ्या दिवशी तू त्याचाच झगा घालून, त्याचाच साबण लावून, मागून, मुक्याने हात लावलास, आणि पहिल्याच फटक्याला गाल फुगला. मग न सांगता दुसरा. औषधवाली म्हणाली, "आज साहेब खुशीत आहेत, काल कोणी छळलं होतं का?" तू लिहितोस की तू रडला नाहीस, फेस डोळ्यात गेला. वस्तरा दुसऱ्याच्या गालावर असताना फेस तुझ्या डोळ्यात कसा गेला हे शोधायला मी समिती नेमणार आहे.

आणि तरीही, शहाण्या, तू विरोधकाचं काम सोडलं नाहीस. "एकच न्हावी," तू लिहिलंस. "कदाचित त्याचा हात जड असेल. कदाचित बाबा परक्या हाताला बुजतात, एवढंच. माझा हात रोजचा म्हणून सवयीचा. सवय म्हणजे ओळख नाही, हे तूच म्हणालीस. हाताला नव्हे, माणसाला ते वेगळं वागवतात असं कुणी पाहिलंय का? तू इथे होतीस तेव्हा तुला काही दिसलं का? असेल तर सांग. नसेल तर मी सोमवारी शुश्रूषागृहाला हो कळवतो."

दिसलं होतं. मी तुला खोटं सांगितलं. त्या दुपारी बाबा झोपलेले नव्हते.

तू दुकानात गेलास. ते खिडकीपाशी खुर्चीत जागे होते. मी दारातून आत आले तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं. मग दोन बोटं कपाळाला लावली. तुला आठवतंय ना, बसमध्ये कुणी चढलं की ते टोपीला बोटं लावायचे? तसं. टोपी नव्हती तरी. मग त्यांनी चांगल्या हाताने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे खूण केली, की बसा, जागा आहे. मी बसले. म्हटलं, "बाबा, मी आहे." त्यांनी मान हलवली, अगदी अदबीने. प्रत्येक उतारूला ते असंच करत. मी म्हटलं, "बाबा, मी. तुमची मुलगी." पुन्हा तशीच मान. मी त्यांचा हात हातात घेतला तर त्यांनी तो हळूच सोडवून घेतला आणि मांडीवर ठेवला. रागाने नाही. अनोळखी बाईने हात धरला तर भला माणूस जसा सोडवून घेईल तसा.

मी तिथेच बसून राहिले. ते मधून मधून माझ्याकडे बघायचे, मग दाराकडे, मला कुठे उतरायचं आहे ते विचारल्यासारखं. शेवटी मीच म्हटलं, "मला शेवटच्या स्टॉपला." ते हसले. ते हसू चांगलं होतं, दादा. फक्त माझं नव्हतं.

आणि मग खाली जिन्यात तुझं पाऊल वाजलं. तू अजून दारात नव्हतास, किल्लीही लागली नव्हती. बाबांची हनुवटी वर आली. सबंध चेहरा दाराकडे वळला. मी समोर आहे हेसुद्धा ते विसरले. तू आत येऊन पिशवी ठेवलीस, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवलास, आणि ते तुझ्या हाताखाली असे सैलावले की मला बघवेना म्हणून मी चहा टाकायला उठले. तू आत येऊन विचारलंस, "बाबा कसे होते?" मी म्हटलं, झोपले होते.

तू विचारशील, का. मी स्वतःलाही हेच विचारते आहे. इथे रोज मी लोकांना सांगते की दोन नमुने शेजारी ठेवल्याशिवाय फरक दिसत नाही, आणि घरी दोन नमुने शेजारी होते. एकाला त्यांनी ओळखलं आणि एकाला नाही. न्हावी परका होता, त्याचा हात परका होता, हे तुझं म्हणणं बरोबर. पण मी परकी नव्हते, हात लावायच्या आधीच त्यांनी मला उतारू ठरवलं होतं, आणि तुझ्या बाबतीत तर हाताचाही प्रश्न नव्हता, नुसत्या पावलाने ते तुझे झाले. तू मागतोस तो पुरावा मीच आहे. मला ओळखलं नाही, म्हणूनच तुला ओळखतात हे कळतं.

आणि मला हे मान्य करायचं नव्हतं. जोवर सगळीच सवय होती, गाल सवयीचा, पाय सवयीचा, तोवर मला कुणी विसरलेलं नव्हतं. बाबा कुणालाच ओळखत नाहीत, मग माझंच काय, अशी मी स्वतःची समजूत घालून ठेवली होती. ते तुला ओळखतात असं म्हटलं की त्याच वाक्यात मी त्यांची कुणीच उरत नाही. म्हणून तुझ्या पाठीचं नाव पुढे करून मी खाटेसाठी भांडत होते. तुझ्या पाठीची काळजी खोटी नव्हती. पण तेवढीच नव्हती.

हे लिहून झालं. आता हाताला हलकं वाटतंय.

मंगळाचंही सांगते, कारण काल त्याची बैठक झाली. वारा, पाणी, उतार, हादरे, जे जे करता येण्यासारखं होतं ते मी केलं. नियमाप्रमाणे भरलेल्या ट्रेंमध्ये वळ्या पडल्या, तडे पडले, पण तशी साय एकदाही धरली नाही. सगळ्यांसमोर उभी राहून मी म्हणाले, "विरोधी बाजूला हे नाकारता आलेलं नाही." आमच्याकडे यापुढचं वाक्य म्हणायला बंदी आहे. तिथे काही जगत होतं असं कुणी म्हटलं नाही, आणि अजून बरीच वर्षं म्हणणार नाही. तो दगड इथे आणून कापून बघेपर्यंत तरी नाही. पण बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मला म्हणाल्या, "आता तुला हवं तर मनातल्या मनात खूश हो." मी झाले. कुणी पाहायला नसताना त्या तळ्याकाठी काहीतरी जगून गेलं असेल, या विचाराने मला इतकं बरं का वाटावं ते सांगता येत नाही, पण वाटलं.

तर सोमवारी शुश्रूषागृहाला नाही म्हणून कळव. बाबा घरीच राहतील, जिथे त्यांना तुझं पाऊल ऐकू येईल. आणि तू एकट्याने करायचं नाही. मी रजा काढली आहे. जूनपर्यंत येते. त्यानंतरचं त्यानंतर बघू. बाई आधी रागावल्या, मग म्हणाल्या, फोटो काय तिकडूनही बघता येतात. तू दुकान पूर्ण दिवस उघड, संध्याकाळी औषधवालीला घेऊन फिरायला जा आणि तिला विचारायचं ते एकदाचं विचार. दाढी तूच कर, तो मान तुझा. बाकीचं मी बघेन. जेवण भरवेन, खुर्ची ढकलेन. उतार आला की ते ब्रेक लावतील, त्यामुळे धोका नाही.

एक मागणं आहे. मी येते आहे हे बाबांना सांगू नकोस. "मुलगी येणार, मुलगी येणार" असं तू रोज म्हणशील, ते दाराकडे बघत बसतील, आणि मग दारात मी उभी राहीन. ते होऊ द्यायचं नाही. मला नवीनच येऊ दे. ते दोन बोटं कपाळाला लावतील, मी बसेन. दुसऱ्या दिवशी पुन्हा येईन. त्यांच्या बसमध्ये रोज चढणारी माणसं होतीच की, ज्यांची नावं त्यांना कधी कळली नाहीत, पण एखाद्या दिवशी ती दिसली नाहीत तर ते स्टॉपवर जरा जास्त थांबायचे. मला तेवढं झालं तरी पुरे आहे.

तुझी धाकटी बहीण,
आणि बाबांची, ते म्हणतील ती.